जेलीबाईंचे पाच बाद ठोकळे

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या जेलीबाईंनी आजवर चार हजारांहून जास्त गोळ्या माणसांच्या अंगात घातल्या आणि दर गोळीनंतर शांतपणे कागदावर सही केली, अशी एक बातमी बरीच वर्षं जिन्यात फिरत होती. नवा भाडेकरू आला की पहिल्या आठवड्यात ती त्याच्या कानावर पडायची. दुसऱ्या आठवड्यापासून तो बाईंना जिन्यात वाट द्यायला लागायचा, भिंतीला पाठ लावून.

बातमी खोटी आहे. हे मी खात्रीने सांगतो, कारण ती मीच सोडली होती. गोळ्यांचा आकडा तेवढा खरा. पण त्या गेल्या जेलीत, माणसांत नव्हे. आणि झाडणारा माणूस वेगळा, बाई फक्त जेली करायच्या. सरकारी प्रयोगशाळेत जेली करायला माणूस लागतो हे ऐकल्यावर कोणाचाही विश्वास बसत नाही, म्हणून मी आपली विश्वास बसेल अशी बातमी सोडली. लोकांना खुनी पटतो, स्वयंपाकीण पटत नाही, त्याला मी काय करणार?

आता खरं काय ते सांगतो. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला भाऊ म्हणतात. फार रागावल्या तर ‘दवंडी’ म्हणतात. आमच्या दोन घरांत एकच भिंत आणि ती इतकी पातळ, की त्यांच्याकडे शिवणयंत्र सुरू झालं की आमच्या कपाटातले कप थरथरतात. यंत्र त्यांच्या यजमानांचं. ते शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मास्तर आयुष्यभर इंचांत जगले आणि ताई सेंटिमीटरमध्ये. घरात पडदा लावायचा म्हटला तरी दोघांचं भांडण व्हायचं, आणि मग पडदा आमच्याकडच्या मोजपट्टीने मोजला जायचा, जिच्यावर दोन्ही खुणा होत्या.

ताईंची नोकरी अशी. बंदुकीची किंवा पिस्तुलाची नवी गोळी बनली की ती माणसाच्या अंगात शिरल्यावर काय करते ते तपासावं लागतं. माणूस काही त्यासाठी तयार होत नाही. म्हणून जिलेटिनचे ठोकळे करतात, पावाच्या मोठ्या साच्यात ओतलेले, फिकट पिवळे, आरपार दिसणारे. जिलेटिन पाण्यात किती घालायचं, पाणी किती तापवायचं आणि ठोकळे किती थंडीत ठेवायचे याचं गणित जमलं, तर गोळी त्या ठोकळ्यात तशीच वागते जशी मांसात वागेल. जमलं नाही तर ठोकळा खोटं बोलतो. आणि ठोकळा खोटं बोलतोय हे गोळीला कळत नाही, साहेबाला कळत नाही. ते कळलं पाहिजे फक्त ठोकळा करणाऱ्याला.

ताईंच्या आधी त्या जागेवर एक गृहस्थ होते. ते सहा महिने टिकले. प्रयोगशाळेत एक वही असते, ‘बाद ठोकळे’ नावाची. जो ठोकळा बिघडला त्याची त्यात नोंद करायची, कारण लिहायचं आणि खाली जबाबदार माणसाने सही करायची. त्या गृहस्थांनी सहा महिन्यांत अकरा पानं भरली. कारणं दोनच: फेस आणि गाठी, गाठी आणि फेस. बाराव्या पानापासून ताई आल्या आणि वही कोरी राहिली. एकतीस वर्षं. मधे साहेब पाच बदलले, इमारतीला दोनदा रंग लागला, पण वहीत टिंब नाही. ताईंना गर्व म्हणून कशाचा असेल तर त्या कोऱ्या पानांचा. पोरीच्या लग्नात आलेल्या पाहुण्यांनासुद्धा त्यांनी वहीबद्दल सांगितलं होतं. मी तिथेच जेवत होतो.

निवृत्तीला महिना राहिला तेव्हा तर दर दोन दिवसांनी विषय निघायचा. “कोरी वही ठेवून जाणार मी, भाऊ,” म्हणायच्या. मी म्हणायचो, ताई, लोक भरलेली वही ठेवून जातात आणि तुम्ही कोरी, लोक म्हणतील बाई एकतीस वर्षं झोपा काढत होत्या. त्यावर त्या दार लावून घ्यायच्या.

मला मात्र त्या गोळ्यांचं फार कुतूहल. जिन्यात त्या पिशवी टेकवून दम खायला थांबल्या की मी एक प्रश्न टाकायचोच. एकदा विचारलं, गोळी ती गोळी, लागली की माणूस गेला, मग त्यात तपासायचं काय? तेव्हा त्यांनी सांगितलं की गोळ्या दोन जातींच्या असतात. एक, जिच्या आतल्या शिशावर पुढून-बाजूंनी सगळीकडून कडक धातूचं कवच असतं. ती शरीरात शिरते आणि बहुतेक वेळा तशीच निघून जाते. दुसरी, जिचं नाक उघडं किंवा पोकळ असतं किंवा कवचाला चिरा दिलेल्या असतात. ती आत शिरली की नाक फाकतं, छत्रीसारखं उघडतं, आणि जाताना वाटेतलं सगळं फाडत जाते. तसल्या गोळीला जुने लोक दमदम म्हणायचे, ती जिथे बनायची त्या गावावरून. आणि ती गोळी युद्धात वापरायची नाही असा राष्ट्राराष्ट्रांचा ठराव आहे, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. एक-दोन देशांनी तेव्हा पुष्कळ आढेवेढे घेतले, पण ठराव झाला.

मला हसू आलं. म्हटलं, म्हणजे मारायचं, पण नीट मारायचं? सुऱ्याने कापू नका, विळीने कापा?

ताई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाल्या, लढाईत समोरचा सैनिक लढण्यातून बाद झाला की काम झालं, असं त्या लोकांनी मान्य केलं. बाद झालेल्याला वर आणखी फाडून ठेवायचं, तो जगला तरी जन्मभर सडेल असं करायचं, त्याने लढाई काही जास्त जिंकली जात नाही. एवढं सांगून त्या वर गेल्या. मी जिन्यातच उभा राहिलो. भाजीच्या पिशवीबरोबर कोणी इतकं काही देऊन जाईल अशी माझी तयारी नव्हती.

तर आता मुद्द्यावर येतो. त्यांची शेवटची चाचणी होती सैन्याच्या पिस्तुलाच्या नव्या गोळीची. कवच पूर्ण, नाक झाकलेलं, पण कारखान्याने वजन कमी करायला नाकावरचं कवच पातळ केलं होतं. आता प्रश्न असा, की पातळ कवचाची गोळी शरीरात टिकते की फाकते? फाकली तर ती दिसायला साधी आणि वागायला दमदम. प्रयोगशाळेचा नियम सरळ: पाच ठोकळे, पाच गोळ्या. नऊ मिलिमीटरची गोळी बाहेर काढल्यावर दहाच्या वर फुगलेली निघाली की सगळा माल परत.

निवृत्तीला तीन दिवस उरले होते. साहेब दुसऱ्या दिवसापासून दौऱ्यावर जाणार होते, म्हणून निरोपाचा कार्यक्रमही चाचणीच्याच दिवशी दुपारी चारला ठेवला होता, फाटकाजवळच्या कॅन्टीनमध्ये. त्यात बाहेरचे पाहुणे चालणार होते, म्हणून मास्तरांबरोबर आम्ही नवराबायकोही जाणार होतो. आमच्या हिने आदल्या दिवशी खपून केक केला, दोन थरांचा, वर मलईचा डोंगर. आणि इथे माझा हात लागला. मला वाटलं ऊन आहे, चारपर्यंत मलईचं पाणी होईल, म्हणून अकरालाच केक घेऊन फाटकावर गेलो. पहारेकऱ्याने आतून नेमबाजाला बोलावलं. नेमबाज म्हणजे ताईंच्या ठोकळ्यांवर गोळ्या झाडणारा, पन्नाशीचा, देवमाणूस, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. त्याला मी म्हटलं, दादा, ताईंना कळू देऊ नका, आणि कुठेतरी गार जागेत ठेवा. तो म्हणाला, ठेवतो. मी खूश होऊन घरी आलो.

आता तिथे गार जागा एकच. ताईंचा फ्रीज. त्याच्या दारावर ताईंच्या अक्षरात पाटी, ‘खाण्याच्या वस्तू ठेवू नयेत’. एकतीस वर्षांत ती पाटी कोणी मोडली नव्हती. लोकांनी आपली पाण्याची बाटलीसुद्धा त्यात ठेवली नव्हती. पण प्रेम माणसाकडून काय काय करवतं. नेमबाजाने दार उघडलं, तर केकचा डबा उंच, कप्प्यात मावेना. मग त्याने मधला कप्पाच काढला. त्या कप्प्यावर त्या दिवसाचे पाच ठोकळे होते.

नेमबाजाची नियत वाईट नव्हती. त्याने पाचही ठोकळे टेबलावर ठेवले, वर ओलं फडकं टाकलं, पंखा लावला. सकाळीच ताईंनी ते तपासले होते: ठोकळा बरोबर आहे ना हे बघायला त्यात एक बारीक पोलादी छर्रा ठराविक वेगाने मारतात, तो साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास थांबला पाहिजे. पाचही ठोकळ्यांत थांबला होता. म्हणून नेमबाजाला वाटलं, तपासलेले आहेत, तासाभराने काय बिघडतंय. तासाभराचा दीड तास झाला, कारण साहेबांकडे फोन चालू होता. मग चाचणीची वेळ झाली, आणि तो ताईंना म्हणाला, “आज तुम्ही पाहुण्या, ताई. बसा. मी आणतो.”

ताई बसल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ठोकळ्याला हाताची मागची बाजू लावून पाहिली नाही. रोज लावायच्या. लहान पोराचा ताप बघावा तशी.

पाच गोळ्या झाडल्या. पाचही ठोकळ्यांच्या आरपार गेल्या आणि मागच्या कापसाच्या पेटीत सापडल्या, अगदी जशाच्या तशा, नाकसुद्धा न चेपलेलं. साहेब खूश. माल पास. ताईंनी अहवालावर सही केली, साहेबांनी शिक्का मारला, आणि कागद सैन्याकडे जाणाऱ्या ट्रेमध्ये पडला. संध्याकाळी पाचला टपालवाला तो उचलणार होता.

चारला कॅन्टीनमध्ये भाषणं झाली. साहेब म्हणाले, या बाईंच्या वहीत एक डाग नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी ताईंसाठी नवा पांढरा कोट शिवून आणला होता, शेवटच्या दिवशी घालायला. तो दोन इंच लांब झाला होता, आणि ताईंनी लगेच तो पाच सेंटिमीटर लांब असल्याचं जाहीर केलं. लोक हसले. मग आमचा केक आला. माझी छाती फुगली.

ताईंनी सुरी लावली, एक तुकडा तोंडात टाकला आणि चावायच्या थांबल्या.

माझा पहिला विचार, हिने मीठ घातलं की काय. आमच्या हिनेही माझ्याकडे तशाच नजरेने पाहिलं, म्हणजे तिला वाटलं मीच काहीतरी केलं असणार. ताईंनी केकच्या बाजूला हाताची मागची बाजू लावली. मग अगदी सावकाश विचारलं, केक कुठे ठेवला होता?

बाहेर ऊन भाजत होतं, कॅन्टीनला फ्रीज नाही, आणि मलई मात्र अशी घट्ट की सुरीची रेघ तशीच उभी. नेमबाज आपला चष्मा पुसायला लागला. स्वच्छ चष्मा पुसणारा माणूस मी ओळखतो, त्याच्या मनात काय असतं तेही ओळखतो. मी खाली पाहिलं.

ताईंना दोन मिनिटांत सगळं कळलं. डबा किती उंच, कप्पा कोणता, ठोकळे कुठे, किती वेळ. त्यांनी ओठांवरची मलई रुमालाने पुसली आणि साहेबांना म्हणाल्या, अहवाल परत हवाय.

साहेब मनाने वाईट नाहीत, पण घाबरट आहेत. या दोन गोष्टी एकत्र असल्या की माणूस फार समजूतदार बोलतो. ते ताईंना बाजूला घेऊन समजावू लागले, आणि बाजू म्हणजे नेमकी माझ्या खुर्चीची मागची बाजू. त्यांचं म्हणणं असं, की गोळी फाकली असती तर प्रश्न होता. फाकली नाही. कवच पूर्ण आहे ते डोळ्यांना दिसतंय. कोणाचं काय बिघडलं? अहवाल मागे घ्यायचा म्हणजे पाचही ठोकळे वहीत बाद लिहायचे, तेही ताईंच्या सहीने, तेही निरोपाच्या दिवशी. हात दाखवून अवलक्षण कशाला?

ताई म्हणाल्या की ठोकळा गरम झाला की मऊ होतो. मऊ ठोकळ्यात गोळीला अडवायला काही नसतं, मग फाकणारी गोळीसुद्धा साळसूदासारखी निघून जाते. म्हणजे आज गोळी फाकली नाही, की ठोकळ्याने तिला फाकू दिलं नाही, हे कोणालाच माहीत नाही.

“कवच पूर्ण आहे ना पण,” साहेब म्हणाले. “आणि आपण काय उद्या लढाईला निघालोय?”

“बंबवाले आग लागल्यावर पाइप जोडायला शिकतात का, साहेब?”

ताई आत गेल्या आणि पाचला दहा कमी असताना ट्रेमधून अहवाल काढून कॅन्टीनमध्ये घेऊन आल्या. त्यावर तिरकी रेघ मारली. मग वही आणवली. मी मान वर करून पाहत होतो, हे कबूल करतो. अकरा पानं फेस आणि गाठी, आणि बाराव्या पानावर पहिली ओळ लिहिताना त्यांचा हात जरा थांबला. मास्तर जवळ येऊन उभे राहिले होते. नेमबाज रडकुंडीला येऊन म्हणत होता, माझं नाव लिहा ताई, मी हलवले. ताईंनी लिहिलं: ठोकळे पाच, बाद. कारण: केकला जागा करण्यासाठी दीड तास बाहेर. जबाबदारी: माझी, हात लावून पाहिले नाहीत. आणि सही.

अशा रीतीने आमच्या हिचा केक सरकारदप्तरी नोंदवला गेला. ती अजून मला बोलते.

संध्याकाळीच ताईंनी नवे पाच ठोकळे ओतले. त्यांना दोन रात्री थंडीत राहावं लागतं, म्हणजे चाचणी पडली थेट त्यांच्या शेवटच्या दिवशी. निकाल काय लागेल ते कोणालाच माहीत नव्हतं. साहेब दौरा रद्द करून बसले. आणि मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोंड लपवत ताईंच्या दारात उभा राहिलो.

घरात मास्तर कोटाची उंची कमी करत होते, ताई समोर बसून दोरा ओवून देत होत्या. मी माफी मागायला गेलो होतो, पण सवय जाईना. म्हटलं, ताई, एक शंका विचारू? पोलिसांना म्हणे ती फाकणारी गोळी चालते. आपल्या चोराला दमदम आणि परक्या सैनिकाला साधी, हा कुठला न्याय?

मला वाटलं होतं चिडतील. उलट त्या जरा मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, पोलीस गोळी झाडतो ती बाजारात, बसच्या थांब्यावर, माणसांत. कवचवाली गोळी चोराच्या आरपार जाऊन मागे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला लागते, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. फाकणारी गोळी जिथे लागली तिथेच थांबते. म्हणून पुष्कळ देशांत ती पोलिसांना चालते. आणि शिकाऱ्याला तर जंगलात तीच वापरायला लावतात, कारण जनावर जागच्या जागी पडावं, जखमी होऊन आठवडाभर रानात तडफडू नये.

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर दात लावून दोरा तोडत म्हणाले, “आमच्याकडे जेवताना हेच बोलणं असतं.”

“म्हणजे गोळी एकच,” मी म्हटलं, “जंगलात दया, रस्त्यात सोय, आणि लढाईत पाप?”

“हो. आणि मला अजून पुरतं समजलेलं नाही,” ताई म्हणाल्या. “ज्या दिवशी समजेल त्या दिवशी तुम्हालाच आधी सांगीन, म्हणजे वेगळी दवंडी पिटायला नको.”

मग थोडा वेळ यंत्र चाललं. ते थांबल्यावर त्यांनी आपण होऊन एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत मी खोदूनसुद्धा बाहेर निघाली नव्हती. प्रयोगशाळेच्या आधी त्या एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होत्या, तीनशे रुग्णांचं जेवण करायच्या. तिथे एक माणूस आला होता, लाकूडतोड्या. शिकाऱ्याने झुडपात जनावर समजून गोळी झाडली, ती याच्या जबड्यात. जनावराची गोळी, आत गेल्यावर उघडणारी. माणूस वाचला. पण जबड्याचा खालचा भाग उरला नाही, डॉक्टर आठ महिने जोडत राहिले. तेवढे दिवस त्याला खाता येई ती फक्त जेली. त्याला बोलता येत नव्हतं, उशाशी पाटी असायची. ताई तेव्हा पंचविशीतल्या. पहिल्या दिवशी जेली पाठवली आणि ताटली परत आली, न खाल्लेली, सोबत पाटी. पाटीवर लिहिलं होतं, ‘आज गाठी’.

दुसऱ्या दिवशी पाटी, ‘फेस’. तिसऱ्या दिवशी, ‘गाठी, पण कमी’. ताई चिडल्या, रडल्या, मग शिकल्या. पाणी किती कोमट, ढवळायचं कसं, ओतायचं कुठून. महिनाभराने पाटी कोरी आली, आणि त्यांनी त्याच दिवशी जाऊन त्याला पाहिलं. त्याआधी त्यांनी त्याला पाहिला नव्हता.

“कसा होता?” मी विचारलं.

ताई म्हणाल्या, तोंडाकडे पाहवलं नाही. हाताकडे पाहिलं. त्याने खडूने ‘आता बरोबर’ लिहिलं.

प्रयोगशाळेने जिलेटिन ओतायला माणूस हवा म्हणून जाहिरात दिली, तेव्हा मुलाखतीत सहा शिकलेली माणसं होती. तेव्हाच्या साहेबांनी प्रत्येकाला एक ठोकळा ओतायला सांगितला. एकट्या ताईंचाच बिनगाठीचा निघाला. कोणाकडून शिकलात असं विचारल्यावर त्यांनी लाकूडतोड्याचं नाव सांगितलं, आणि साहेबांना वाटलं तो कोणी मोठा आचारी असणार.

मी त्या दिवशी गप्प घरी आलो. आमच्या हिने कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

तिसऱ्या दिवसाची चाचणी मी पाहिली नाही, नेमबाजाने सांगितली. ताई नवा कोट घालून आल्या, आता उंची बरोबर. फ्रीजच्या दारावर आधीच्या पाटीखाली त्यांनी दुसरी पाटी लावली होती, ‘केकसुद्धा’. ठोकळे त्यांनी स्वतः काढले, एकेकाला हाताची मागची बाजू लावली. छर्रा मारून पाहिला, साडेआठला थांबला. मग नेमबाजाने गोळ्या झाडल्या. पहिली तशीच. दुसरी, तिसरी, चौथी तशीच. पाचवी काढली तर नाक थोडं चपटलेलं. साहेब खुर्चीवरून उठले. ताईंनी गोळी मोजली, पुसली, पुन्हा मोजली, तिरकी धरून तिसऱ्यांदा मोजली. नऊ पूर्णांक सहा. दहाच्या आत. मग त्यांनी ठोकळा उभा चिरून आतली वाट पाहिली. वाट शेवटपर्यंत सरळ आणि बारीक. गोळी पास.

साहेबांनी सुस्कारा सोडला. मग त्यांना रागही आला असावा, कारण निकाल तोच लागला होता आणि दौरा गेला तो गेलाच. नेमबाजाला वाईट वाटलं ते वेगळ्या कारणाने: वहीवर डाग पडला तो पडला, आणि तोही फुकट.

मलाही तेच वाटलं. त्या संध्याकाळी ताई जिन्यात भेटल्या, हातात पुष्पगुच्छ, कोट घडी करून काखेत. मी वाटेतच उभा होतो. खरं सांगायचं तर अर्धा तास उभा होतो. म्हटलं, ताई, काय मिळवलंत? गोळी परवा पास होती, आजही पास. एकतीस वर्षांची कोरी वही मात्र घालवलीत. न लिहिता गेला असतात तर कोणाला कळलं असतं? जगात काही फरक पडला का?

त्यांनी पुष्पगुच्छ माझ्या हातात दिला, पिशवीतून किल्ली शोधली, दार उघडलं, आणि आत जाता जाता म्हणाल्या:

“परवा तिला तुमच्या केकनं पास केलं होतं, भाऊ. आज मी केलं.”